कुंभार्ली घाट चढताना भरलेल्या ट्रकचा गिअरबॉक्स तापतो : जाड तेल घालावे की कूलर बसवावा?

मार्केटयार्ड_वाहतूक

नमस्कार. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून कराडमार्गे चिपळूणला कांदा-बटाटा पोहोचवणे आणि परतताना लोटे औद्योगिक वसाहतीतून पिंपे भरून भोसरीला आणणे, हे आमच्या दोन सहाचाकी गाड्यांचे नेहमीचे काम आहे. दोन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या आहेत आणि दोन्हींवर माल सारखाच, म्हणजे गाडीच्या वजनासह सोळा टनांच्या आतबाहेर, असतो. तरीही त्यांतली एक गाडी पायथ्याच्या पोफळीहून घाट चढून माथ्याकडच्या हेळवाकला पोहोचेपर्यंत इतकी तापते की केबिनमधल्या लादीवर पाय ठेववत नाही, गिअरची दांडी हाताला चटका देते आणि तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकताना अडकतो. वर जळका वास येतो आणि मागच्या ऑईल सीलमधून तेल झिरपलेले दिसते. इंजिनाच्या पाण्याचा काटा मात्र जागच्या जागी असतो.

एका मिस्त्रींच्या मते 140 नंबरचे जाड तेल घातले की काम होईल, तर दुसरे गिअरबॉक्सला ऑईल कूलर बसवण्याचा सल्ला देतात. खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून विचारत आहे. गाडी अर्ध्या घाटात थांबवून थंड करणे योग्य आहे का, हेही कृपया सांगावे.

जुना_वर्कशॉपवाला

दोन्ही उपाय बाजूला ठेवा, कारण नेमके काय तापते आहे हे अजून ठरलेलेच नाही. तेच मॉडेल, तोच माल, तोच घाट, आणि एकच गाडी तापते, याचा अर्थ दोष घाटाचा नाही. त्या एका गाडीत काहीतरी वेगळे घडते आहे.

थोडा हिशेब मांडतो. सोळा टनांची गाडी पाचशे मीटर उंची चढते तेव्हा नुसत्या वजनाच्या उचलीला सुमारे 22 युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा लागते. चाकांचा विरोध धरला तर 25 च्या घरात. खालच्या गिअरमध्ये ही शक्ती काउंटर शाफ्टमधून (गिअरबॉक्समधल्या समांतर जोडदांड्यातून) दोनदा दाते बदलून जाते, त्यामुळे दाते, बेअरिंग आणि तेलाची घुसळण मिळून दोन-तीन टक्के वाया जाते, असे धरू. म्हणजे सबंध घाटात गिअरबॉक्सच्या वाट्याला पाऊण युनिटाएवढी उष्णता येते. दीडशे किलो लोखंड आणि नऊ-दहा लिटर तेल एवढ्या उष्णतेने, वारा अजिबात लागला नाही तरी, तीस-पस्तीस अंशांनीच वाढेल. सपाटीवर 70-80 अंशांवर चालणारा धडधाकट गिअरबॉक्स घाटमाथ्यावर 110 च्या आसपास पोहोचणे स्वाभाविक आहे. साधे खनिज तेल 120 अंशांच्या पुढे बराच वेळ राहू नये. दोन्हींत थोडे अंतर आहे, पण ते पुरेसे आहे.

आता क्लचकडे पाहा. चढावर अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवली आणि त्यात 30 किलोवॅट शक्ती घासली गेली, तर एका मिनिटात अर्धा युनिट उष्णता तयार होते. ती फ्लायव्हील (इंजिनाचे जड चाक) आणि प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी तबकडी) मिळून चाळीसेक किलो लोखंडात जाते आणि तापमान शंभर अंशांनी चढते. जे गिअरबॉक्सला सबंध घाटात जमत नाही ते क्लच एका मिनिटात करतो. ही उष्णता बेल हाउसिंगमधून (क्लचभोवतीच्या कवचातून) गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडापर्यंत येते आणि आपण म्हणतो की गिअरबॉक्स तापला. आपण सांगितलेला जळका वास बहुधा क्लच प्लेटच्या अस्तराचा असावा. जळलेल्या गिअर ऑईलचा वास गंधकासारखा उग्र असतो, त्यामुळे सरावलेल्या नाकाला फरक कळतो.

म्हणून प्रथम हातात धरायचा इन्फ्रारेड तापमापक घ्या आणि घाट चढून आल्याबरोबर चार ठिकाणी माप घ्या: बेल हाउसिंग, गिअरबॉक्सचा तळ, मागच्या बेअरिंगचा भाग आणि क्राऊन हाउसिंग (मागच्या धुरीवरचे डिफरन्शियलचे कवच). बेल हाउसिंग सर्वांत गरम असेल तर क्लच पाहा. मागचे बेअरिंगच तापले असेल तर ते बेअरिंग आणि प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या धुरीकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन तपासा. सगळीकडे सारखेच तापले असेल तर तेलाकडे वळा.

तेल म्हटले की लोकांना कमी पडल्याचीच भीती वाटते. जास्त भरलेले तेलही तितकेच तापवते, ही गोष्ट वर्कशॉपमध्ये फार थोड्यांना पटते. गाडी सपाटीवर उभी करून, तेल थोडे निवल्यावर, बाजूचा लेव्हल प्लग काढावा. तेल भोकाच्या खालच्या कडेला टेकले पाहिजे, त्याहून वर नाही. त्याच्या वर तेल असेल तर दाते ते घुसळत राहतात, फेस होतो, फेसाने वंगण नीट होत नाही आणि वाढलेला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो. त्यातच ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारे छिद्र) चिखलाने बुजला असेल तर सील बदलूनही गळती थांबत नाही. कोकणातून येणाऱ्या गाड्यांच्या गिअरबॉक्सवर लाल मातीचा थर सुकून बसतो. तो धुवून काढणे हा फुकटचा कूलर आहे.

140 नंबरच्या तेलाबद्दल माझे स्पष्ट मत आहे की ते घालू नये. जाड तेल घुसळायला जास्त शक्ती लागते आणि ती शक्ती उष्णता होऊनच बाहेर पडते. शिवाय सकाळी गाडी थंड असताना सिंक्रो रिंग (गिअर टाकताना फेरे जुळवणारे कडे) वेळेवर पकडत नाही. कूलरबाबत एवढेच की आपल्या गिअरबॉक्समध्ये दात्यांनी उडवलेल्या तेलावर वंगण होते. तेल ढकलणारा पंप आत नसेल तर बाहेर लावलेला कूलर शोभेपुरता राहील.

खंबाटकी_चालक

वरील तपासणी योग्यच आहे, पण त्याच्या जोडीला ती गाडी कोण चालवतो हेही पाहावे. दोन्ही गाड्यांचे चालक एका फेरीसाठी अदलाबदल करा. चालकाबरोबर ताप दुसऱ्या गाडीत गेला तर मिस्त्रींकडे जाण्याचे कारणच उरणार नाही.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना जुन्या रस्त्याने खंबाटकीचा चढ घाटातून चढावा लागतो. जुना बोगदा साताऱ्याकडून येणाऱ्यांसाठी. त्या चढावर रोज दिसते ते असे: चालक चौथ्या गिअरवर वेग घेऊन चढाला भिडतो, पिकअप तुटेपर्यंत तोच गिअर ओढतो, मग इंजिन गुदमरल्यावर घाईने तिसरा टाकतो आणि क्लच अर्धा दाबून आर.पी.एम. (इंजिनाचे फेरे) सावरतो. एका वळणात दोनदा हा प्रकार झाला की वास सुटतो. त्याऐवजी पायथ्याशीच एक गिअर खाली उतरावे, आर.पी.एम.चा काटा हिरव्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला ठेवावा आणि तोच गिअर माथ्यापर्यंत न्यावा. फेरे जास्त असले की तेवढ्याच शक्तीला कमी पीळ लागतो, म्हणून क्लचवरचा भार हलका होतो. पुढच्या गाडीला चिकटून चालल्यास हे साधत नाही. पन्नास-साठ मीटर अंतर सोडले तर पुढची गाडी अडखळली तरी आपली सरकत राहते. चढावर थांबावेच लागले तर हँडब्रेक लावावा, आणि निघताना पहिलाच गिअर टाकावा, दुसरा कधीही नाही.

उतरणीबद्दलही सांगतो, कारण गिअरबॉक्सचे बरेच नुकसान तिथे होते आणि ते कोणी मोजत नाही. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की इंजिन आयडलवर असते, काउंटर शाफ्ट संथ फिरतो आणि तेल कमी उडते; मेन शाफ्ट (चाकांकडे जाणारा मुख्य दांडा) मात्र चाकांच्या जोरावर भरधाव फिरत असतो. त्यावरच्या मोकळ्या गिअरच्या बेअरिंगना ज्या वेळी तेल सर्वांत जास्त हवे त्या वेळी ते सर्वांत कमी मिळते. नवले पुलाच्या उतारावर न्यूट्रलमधल्या अवजड गाड्यांनी कसे अपघात केले आहेत ते पुणेकरांना सांगायला नको. ज्या गिअरवर घाट चढता त्याच गिअरवर, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा ब्रेक) लावून, उतरावे.

सासवड_रोपवाटिका

विषय ट्रकचा आहे, तरी विचारतो. माझ्याकडे ऑटोमॅटिक पिकअप आहे. रोपे भरून दिवे घाटातून येताना पुढे रांग लागली की ट्रान्समिशनच्या तापमानाचा दिवा लागतो. वरचे नियम तिला लागू पडतात का?

जुना_वर्कशॉपवाला

काही पडतात, काही अगदी उलटे आहेत. आपल्या गाडीत क्लच प्लेटऐवजी टॉर्क कन्व्हर्टर आहे. त्यात तेलच शक्ती वाहून नेते आणि चढावर रांगत असताना इंजिनाची बरीचशी शक्ती तेल ढवळण्यातच जाते. वेग आल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा आतला लॉक-अप क्लच बसतो आणि ही गळती थांबते. म्हणून गिअर हाताने निवडण्याची सोय वापरून खालचा गिअर धरा. डी वर सोडल्यास गाडी वरखाली गिअर बदलत राहते आणि लॉक-अप सुटत राहतो. चढावर एक्सीलरेटर दाबून गाडी जागेवर धरू नये, ब्रेकने धरावी. रांग लांबली तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. दिवा लागल्यास बाजूला घ्या, पण इंजिन बंद करू नका. पार्किंगमध्ये थोडे फेरे वाढवून चालू ठेवले की पंप तेल कूलरमधून फिरवत राहतो. आपल्या बाबतीत जादा कूलर खरोखर उपयोगी आहे, कारण पंप आधीच आहे. तेलाचे आयुष्य, ढोबळ मानाने, नेहमीच्या तापमानापुढच्या दर दहा अंशांना निम्मे होते, त्यामुळे दिवा वारंवार लागलेल्या गाडीचे तेल पुस्तिकेत दिलेल्या अंतराची वाट न पाहता बदलावे.

नव्या ट्रकमध्ये येणारे ए.एम.टी. (गिअर आपोआप बदलणारा साधाच गिअरबॉक्स) यापेक्षा निराळे असते. आत साधाच क्लच असतो, फक्त तो यंत्र दाबते. तिथे रांगत्या चढावर मॅन्युअल मोड घेणे हाच उपाय.

मूळ प्रश्नातला एक भाग राहिला होता. अर्ध्या घाटात थांबण्यास हरकत नाही, पण वळणावर नाही. रुंद जागा मिळाल्यावरच थांबावे आणि चाकाला ठोकळा लावावा. इंजिन न्यूट्रलमध्ये, क्लच सोडून, काही मिनिटे चालू ठेवावे. तापलेल्या हाउसिंगवर पाणी मात्र कधीही ओतू नये, कारण ओतीव धातूला तडा जातो.

मार्केटयार्ड_वाहतूक

सर्वांचे आभार. हेळवाकला थांबून मापे घेतली. बेल हाउसिंग गिअरबॉक्सच्या तळापेक्षा बरेच जास्त गरम निघाले. क्राऊन हाउसिंग ठीक होते. चालक बदलूनही तीच गाडी तापली. पुण्यात आल्यावर पाहिले तर क्लच पेडलला मोकळी हालचालच नव्हती, त्यामुळे प्लेट सतत थोडी घसरत असावी. लेव्हल प्लग काढताच बरेच तेल बाहेर आले आणि ब्रीदर मातीने पूर्ण बंद होता. क्लच उघडायला दिला आहे. गिअरबॉक्सचे तेलही बदलायचे आहे. क्राऊनसाठी आणलेले जी.एल.-5 दर्जाचे गिअर ऑईल शिल्लक आहे, तेच चालेल का?

जुना_वर्कशॉपवाला

पुस्तिकेत जी.एल.-4 लिहिले असेल तर तेच घाला, 80W-90 जाडीचे. जी.एल.-5 मधली जास्तीची रसायने क्राऊनच्या दात्यांसाठी असतात आणि ती पितळी सिंक्रो रिंग खातात. तिसऱ्यावरून दुसरा अडकतो आहे, तेव्हा रिंग आधीच झिजलेली असू शकते. जुने तेल काढताना ड्रेन प्लगच्या चुंबकाकडे पाहा: करडा मऊ लगदा नेहमीचाच, चकत्या किंवा तुकडे दिसले तर पेटी उघडावी लागेल. तेलात पिवळसर चमक असेल तर ते रिंगचे पितळ. क्लच उतरलेलाच आहे, तर इनपुट शाफ्टचे पुढचे सीलही बदलून घ्या. ते गळू लागले की तेल प्लेटवर जाते आणि नवी प्लेटही घसरते. काम झाल्यावर पुन्हा माप घ्याल ते हेळवाकलाच, भोसरीला नव्हे. कराडपर्यंत उतरताना सगळेच निवलेले असते.