संस्थेचा पैसा घ्यावा का? ऊस-पाण्याचं बोलणं वगळायला सांगायलेत

तेरणाकाठी :
नमस्कार मंडळी. औसा तालुक्यातलं आमचं गाव. आम्ही पाच जण दर आठवड्याला आठ मिनिटांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करतो. ते व्हॉट्सअॅपवर जातं आणि बाजारच्या दिवशी मारुतीच्या देवळाच्या भोंग्यावर वाजतं. दोन वर्षं झाली, खर्च पदरचाच.

आता पुण्याची एक धर्मादाय संस्था मदत द्यायला तयार आहे. चांगला माईक, रेकॉर्डर, दोघांना मानधन. त्यांच्या बाईंना आजीनं सांगितलेला ज्वारीच्या वाणांचा भाग लई आवडला, दोनदा ऐकला. मग मी पाण्याचा भाग लावला. त्यात एक बाई म्हणते, "उसाला रोज पाणी, आमच्या घागरीला चौथ्या दिवशी." बाईंनी हेडफोन काढला आणि म्हणाल्या, "छान आहे, पण जरा सकारात्मक करता येईल का?"

फॉर्ममध्ये रकाना आहे : 'किती श्रोत्यांच्या वर्तनात बदल झाला?' आता त्या घागरवालीनं वर्तनात काय बदल करायचा, तहान कमी लागून घ्यायची? बाई वाईट नाहीत हो, चटणी-भाकरी आमच्यासोबतच खाल्ली. पण कसं करावं की?

बालाघाटी :
पैसा घेतला की आवाज जातोच असं नाही. तेलंगणातल्या जहीराबादजवळचं माचनूरचं संघम रेडिओ बघा, उदगीरपासून फार लांब नाही. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेनं ते युनेस्कोच्या मदतीनं उभारलं. परवाना नव्हता तोवर बायका टेपवर रेकॉर्ड करून गावोगावच्या संघमच्या, म्हणजे बायकांच्या गटांच्या, बैठकीत ऐकवायच्या, म्हणजे तुमच्या भोंग्यासारखंच. १९९५ साली सुप्रीम कोर्टानं हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचं सांगितलं, २००६ मध्ये संस्थांना सामुदायिक रेडिओची मुभा मिळाली आणि १५ ऑक्टोबर २००८ ला संघम सुरू झालं. उद्घाटनाला १९९५ च्या खंडपीठातले न्यायमूर्ती पी. बी. सावंत स्वतः आले होते. चालवणाऱ्या दोघी दलित बायका, दोघींचंही नाव नरसम्मा. फक्त परवान्याच्या रेडिओवर स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच लावाव्या लागतात. त्या मानानं तुमचा भोंगा मोकळा.

जुना कारकून :
असे फॉर्म मी बारा वर्षं भरलेत. आधी विचारा, संस्थेकडं पैसा येतो कुठून. कंपनीचा सीएसआर, म्हणजे कायद्यानं समाजकामावर खर्चायचा पैसा, असेल तर तो मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्क्यांतला. त्याचा अहवाल द्यावा लागतो, म्हणून आकड्यांचे रकाने. परदेशी असेल तर २०१० च्या एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यानं बातम्या आणि चालू घडामोडींचे ध्वनी कार्यक्रम करणाऱ्यांना तो घेताच येत नाही. 'सकारात्मक'च्या मागं कधी कधी एवढंच असतं : ज्वारीची गोष्ट माहिती, पाण्याची गोष्ट बातमी. बाई ते तोंडानं सांगणार नाहीत.

देशी असेल तर करारात एक ओळ घालून घ्या. बंगळूरूच्या इंडिपेंडंट अँड पब्लिक-स्पिरिटेड मीडिया फाउंडेशनची मदत घेणारी संकेतस्थळं खाली छापतात की मजकुराची कायदेशीर वा नैतिक जबाबदारी फाउंडेशनची नाही. जबाबदारी तुमची, तर मग कात्रीही तुमच्याच हातात, असं बाईंना सांगा. आणि तोंडी कबुलीवर जाऊ नका.

धाराशिवकर :
आमच्याकडं एका संस्थेनं असंच दिलं होतं. तीन वर्षांनी त्यांचा 'विषय बदलला'. मिक्सरवर आता कोंबडी बसते. घरटी वीस रुपये गोळा करा, कमी पडले तर कमी करा.

तेरणाकाठी :
विचारलं. पैसा एका देशी कंपनीचा आहे. ओळ लिहून पाठवली, बाई म्हणाल्या वर विचारून सांगते. मानधन नको, फक्त माईक द्या असंही सुचवलंय. पुढं माईक परत नेला तरी मोबाईल आहेच. वीस रुपयांचं गावात काढलं तर निम्मे हो म्हणाले. सरपंच हसले फक्त.

घागरवाली काल विचारायली, "माझं परत कधी लावताव? सुनेनं ऐकलंच न्हाई." येत्या बाजारी लावतोय.