मॉरिस मायनर कन्व्हर्टिबलचं नवीन हूड नीट बसत नाहीये, मदत हवी

दादरची_मायनर:
नमस्कार मंडळी, घरात १९५९ ची मॉरिस मायनर १००० कन्व्हर्टिबल आहे, ९४८ सीसीवाली, मामांकडून आलेली. इंजिन, ब्रेक सगळं मस्त. जुनं हूड, म्हणजे वरचं मिटणारं कापडी छप्पर, पार विरलं होतं म्हणून इंग्लंडवरून शिवलेलं तयार व्हिनाईलचं मागवलं आणि इथल्याच एका कुशनवाल्याकडून बसवून घेतलं. आता पुढची पट्टी काचेच्या फ्रेमला दोन बोटं कमी पडते, दोघांनी जीव खाऊन ओढलं तरच क्लॅम्प लागतात, आणि एवढं ताणूनसुद्धा मागच्या खिडकीच्या बाजूला मोठमोठ्या सुरकुत्या. कुशनवाला म्हणतो कापडच आखूड आलंय, पुढे जोड देतो. मला जोड पटत नाहीये. जूनच्या आत काम व्हायला हवं, काय करू?

पत्रा_आणि_रंग:
जोड अजिबात देऊ नका प्लीज. कापड आखूड असतं तर मागेही ताठ दिसलं असतं, पुढे ताण आणि मागे सुरकुत्या म्हणजे खालचा सांगाडा जागेवर नाहीये. पण त्याच्याही आधी दरवाजे बघा, बंद करून कडेची फट वर-खाली सारखी आहे का ते. मायनरला वेगळी चासी नसते आणि या गाडीला पत्र्याचं छप्परही नाही, त्यामुळे भार येतो तो दाराखालच्या पत्र्यावर, कंपनीनेच तिथे जादा मजबुती दिलेली आहे. आपल्या खाऱ्या हवेत तो आतून सडतो, गाडी मधे बसते आणि दाराची फट वर मिटते, खाली उघडते. तसं असेल तर हूड बाजूला ठेवा, आधी पत्र्याचं काम करा, आणि कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा पाईप वेल्ड करून घ्या नाहीतर वाकडी बॉडी तशीच वाकडी जोडली जाते. हे खूप गाड्यांचं झालंय, बघून वाईट वाटतं.

कुर्ल्याचा_रेक्झिनवाला:
दादा, फट ठीक असेल तर पट्टे बघा. मागच्या लाकडी पट्टीपासून कमानींना, म्हणजे हूड पेलणाऱ्या आडव्या दांड्यांना, जाड नवारीचे पट्टे असतात, कमान कुठे उभी राहणार ते तेच ठरवतात. पट्टा नसला की कमान पुढे झुकून उंच होते आणि कापडाला जास्त अंतर कापावं लागतं. हूडची आडवी शिवण बरोब्बर कमानीवर यायला हवी, तेवढं तपासा.

दादरची_मायनर:
फट वर-खाली एकदम सारखी, जीव भांड्यात पडला. पण पट्टेच नाहीयेत हो! मागच्या कमानीवर गंजके खिळे आणि त्यात अडकलेले नवारीचे चार धागे, बस्स. जुनं हूड काढताना कुजकं म्हणून फेकले असणार. आणि शिवण कमानीच्या चांगली दोन इंच मागे पडतेय.

कुर्ल्याचा_रेक्झिनवाला:
मग सापडलं की. आता हूड पूर्ण सोडवा, नवीन नवार तात्पुरती बांधा आणि शिवण कमानीवर येईपर्यंत मागेपुढे करत बसा, यात घाई करू नका, अख्खं फिटिंग यावर आहे. मग हूड तासभर उन्हात पसरून ठेवा, गरम व्हिनाईल हाताला ऐकतं. मागून सुरुवात करायची, मधला खिळा पहिला, मग दोन्ही कोपऱ्यांकडे सरकत जायचं. पुढे क्लॅम्प लावून पट्टीच्या कडेला कापडावर खडूने रेघ मारा, क्लॅम्प सोडा आणि रेघ साधारण अर्धा इंच पुढे ओढून मग चिकटवा. फेविकॉल एसआर ९९८ दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. जास्तीचं कापड सगळ्यात शेवटी कापा. रिक्षाचं हूड शिवणारा चांगला कारागीर मिळाला तर त्याला मदतीला घ्या, त्याचा हात यावर बसलेला असतो.

पत्रा_आणि_रंग:
खिळे तांब्याचे किंवा स्टेनलेसचे घ्या, साधे एका पावसाळ्यात गंजून लाकूड खातात. पुढची लाकडी पट्टीही स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा, मऊ लागली तर आत्ताच बदला.

पार्लेकर_७२:
बसवल्यावर आठवडाभर तरी हूड वर लावूनच गाडी उन्हात ठेवा, बारीकसारीक सुरकुत्या आपोआप जातात. ओलं असताना मिटू नका, बुरशी तर येतेच आणि मागच्या प्लास्टिक खिडकीवर पांढरे चरे पडतात. मिटताना खिडकीवर जुनं मऊ धोतर नाहीतर सुती चादर ठेवत जा.