माथेरानचे इंजिन आणि पतियाळाची एकरुळी गाडी

वाफेची इंजिने पाहायची तर दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय एका तासात उरकते, या मताशी मी सहमत नाही. मुंबईकराने तिथे आधी माथेरानचे इंजिन शोधावे. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गाचे रूळ जेमतेम दोन फूट रुंदीचे आणि वळणे अतिशय तीव्र. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कारखान्यातून आणलेल्या या इंजिनांच्या टोकाच्या चाकांना वळणासरशी थोडे सरकण्याची मोकळीक दिलेली होती. लहानपणापासून घाट पाहिलेल्या माणसाला ही युक्ती समोर उभे राहून पाहताना भरून येते.

तिथला खरा ठेवा मात्र पतियाळा संस्थानची एकरुळी गाडी. तिचा बहुतेक भार एकाच रुळावरच्या चाकांवर असतो आणि तोल सावरायला बाजूला एक मोठे चाक थेट रस्त्यावरून फिरते. मी खाली वाकून ते चाक आणि रूळ यांतले अंतर कितीतरी वेळ न्याहाळत राहिलो. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी इथे घाई करू नये.

१८५५ साली बांधलेले ‘फेअरी क्वीन’ हे वाफेचे इंजिन पाहायचे असेल, तर निघण्यापूर्वी ते त्या वेळी दिल्लीत आहे की हरियाणातल्या रेवाडीच्या वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये, याची चौकशी अवश्य करावी.