जिनिंगमध्ये शेकोटी बंद, मग ऊब कोण देणार?

सरकीवाला: धुळ्याकडच्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात) वजनकाट्यावर रात्रपाळी करतो. मागच्या डिसेंबरात पहाटे बोटं अशी आखडली की पावतीवर आकडा उमटेना. चुकीचं वजन लिहिलं म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळीच. आवारात कापसाच्या गंज्या आहेत, शेकोटी नको हे मान्य. पण तिच्या जागी काय, हे मालकाने ठरवायला नको? काट्याच्या केबिनमध्ये आणि हमालांच्या खोलीत दिवाळीआधीच हीटर लागावा असं माझं म्हणणं. तुमचं काय?

तापीकाठ: काबरं भो एवढं? आपल्याकडे खरी थंडी महिना-दीड महिना. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा पत्र्याखाली माणूस भाजून निघतो. पैसा घालायचाच तर कूलरला घाला. आमचे आजोबा थंडीत रात्रभर केळीला पाणी भरायचे, त्यांना कुठला हीटर होता?

सरकीवाला: आजोबांचे गुडघे कधी गेले तेही सांगा. आणि 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 चं कलम 13 वाचा. कामगाराला बरं वाटेल, तब्येतीला बाधणार नाही असं तापमान ठेवा म्हणायचं.

लहान मालक: कलमात हीटर लिहिलेला नव्हता. माझी जळगावला छोटी दालमिल आहे, हिशोब सांगतो. 2000 वॅटचा हीटर तासाला 2 युनिट खातो. आठ तासांचे 16. युनिटला दहा रुपये धरा, रात्रीचे 160. दोन खोल्या, दोन महिने: 19,200. तेवढ्यात सगळ्यांना स्वेटर आणि कानटोप्या येतात, वर भरीत-पुरीची पार्टीही होईल.

वायरमन: शेठ, थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारा) असला आणि खोली नीट बंद होत असली तर हीटर सलग चालत नाही, बिल बरंच कमी येतं. आधी दाराखालची फट आणि फुटकी काच बघा, ऊब तिथूनच पळते.

खरी भीती वेगळीच. 2000 वॅट म्हणजे 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास, आणि लहान प्लग 6 चा. एका ऑफिसात हीटर आणि चहाची किटली एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावली होती. मी गेलो तेव्हा बोर्ड मेणासारखा वाकलेला, प्लग आत चिकटलेला, पक्कडीनेही निघेना. 16 अँपिअरचा पॉइंट, वेगळी एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग करूनच हीटर आणा. जिनिंगमध्ये उघड्या कॉइलचा तर नकोच. रुईचे तंतू उडून त्यावर बसतात आणि पेट घेतात. तेल भरलेला रेडिएटर हीटर घ्या, त्यात कॉइल बंद असते, तोही केबिनमध्येच. गंजीजवळ किंवा गाठी बांधायच्या प्रेसजवळ कुठलाच नाही.

तापीकाठ: एवढ्या भानगडीपेक्षा घमेल्यात चार कोळसे ठेवा कोपऱ्यात. ठिणगी नाही, धूर नाही.

निवडणारी: दादा, असं कुणाला सांगू नका. माझा भाऊ वॉचमन. दार-खिडकी लावून घमेल्यात निखारे ठेवून बसला. पहाटे दार उघडलं तर उलटी झालेली, डोकं जड, उभं राहायचं त्राण नाही. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना वास ना रंग. धूर दिसत नाही म्हणूनच माणूस गाफील राहतो. वायरमनदादा, फट बुजवायला सांगता, तर हेही सोबत सांगत जा.

दुसरं. तुमचा सगळा वाद केबिनवर चाललाय. आम्ही बाया सकाळी मोकळ्या ओट्यावर कवडी (किडका, डागाळलेला) कापूस निवडतो. फरशी इतकी गार की खाली दोन पोती घातली तरी बसवत नाही. आम्हाला काय?

वायरमन: उघड्यावर हीटरचा उपयोग नाही, ऊब वाऱ्यावर जाते. वाऱ्याच्या बाजूने ताडपत्री बांधा, बसायला लाकडी पाट द्या.

लहान मालक: त्यापेक्षा बायांचं काम आठऐवजी नऊला सुरू करावं. तोवर ओट्यावर ऊन येतं. खर्च शून्य.

निवडणारी: रोज पूर्ण देणार की तासाचे कापणार?

लहान मालक: पूर्ण. फक्त संध्याकाळी तासभर जास्त थांबावं लागेल.

निवडणारी: म्हणजे अंधारात, दुसऱ्या गारठ्यात. त्यापेक्षा ताडपत्रीच बांधा.