ओढ्यावरच्या मोरीसाठी वळवाच्या पुराचा विसर्ग कसा काढावा? मदत हवी आहे

ओढ्याकाठचा: आमच्या गावातील ओढ्यावरचा जुना कमानींचा पूल पाडून तिथे 1200 मिमी व्यासाच्या तीन सिमेंट पाइपांची मोरी घालण्याचे ठरले आहे. आराखड्यात पुराचा विसर्ग सेकंदाला 6.3 घनमीटर धरला आहे. वळवाचा जोरदार पाऊस झाला की तासाभरात पाणी बाजारपेठेत शिरते, त्यामुळे हा आकडा मला अजिबात पटत नाही. हरकत घेण्याची मुदत सोमवारी संपते. योग्य सूत्र कोणते, एवढेच कृपया तातडीने सांगावे.

सह्यपुत्र: पाणलोट क्षेत्र किती, गाव कुठले आणि आराखड्यात पाऊस किती धरला आहे, हे समजल्याशिवाय कोणतेही सूत्र सांगण्यात अर्थ नाही.

निवृत्त उपअभियंता: पश्चिम महाराष्ट्रात इंग्लिस सूत्रच वापरावे. चौरस किलोमीटरमधील क्षेत्रफळाला 124 ने गुणावे आणि त्याच क्षेत्रफळात 10.4 मिळवून येणाऱ्या बेरजेच्या वर्गमुळाने भागावे. आम्ही आयुष्यभर हेच वापरले.

ओढ्याकाठचा: गाव पुणे जिल्ह्याच्या दक्षिण भागात आहे. पाणलोट 6 चौ. किमी आहे आणि आराखड्यात 24 तासांचा 150 मिमी पाऊस धरला आहे. इंग्लिस सूत्राने 184 घनमीटर येतात. हा आकडा कार्यालयात कोणीही मान्य करणार नाही.

सह्यपुत्र: ओढ्याची लांबी आणि उगमापासूनचा उतार अजूनही सांगितलेला नाही. त्यावाचून किती वेळाचा पाऊस धरायचा हे ठरत नाही.

ओढ्याकाठचा: लांबी 5 किमी आणि उंचीतील फरक 150 मीटर. आता तरी उत्तर द्यावे, ही विनंती.

सह्यपुत्र: किर्पिच सूत्रानुसार सर्वांत दूरच्या टोकाचे पाणी पुलापाशी यायला सुमारे 53 मिनिटे लागतात, म्हणून पाऊस एका तासाचा धरायला हवा. आराखड्यात 150 ला 24 ने भागून ताशी 6.25 मिमी ही दिवसभराची सरासरी घेतलेली दिसते, आणि सारी चूक तिथेच आहे. हवामान विभागाच्या घनमूळ नियमाने (पाऊस कालावधीच्या घनमुळाच्या प्रमाणात धरायचा) त्याच 150 मिमीपैकी एका तासात 52 मिमी पडतात. अपधाव गुणांक, म्हणजे पडलेल्या पावसापैकी वाहून येणारा वाटा, 0.6 धरून रॅशनल सूत्राने (एककांसाठी 0.278 × गुणांक 0.6 × ताशी पाऊस 52 × क्षेत्रफळ 6) विसर्ग सेकंदाला सुमारे 52 घनमीटर येतो, म्हणजे आराखड्याच्या आठपटीहून अधिक.

निवृत्त उपअभियंता: तुमचे 52 देखील कमी आहेत. वळवात किंवा परतीच्या पावसात दिवसाचा बहुतेक पाऊस तासा-दोन तासांत कोसळतो, तो घनमूळ नियमात बसत नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला अचानक आलेल्या पुराने काय केले, ते आठवावे.

सह्यपुत्र: हा मुद्दा मान्य आहे. तासाला 80 मिमी धरले तर विसर्गही 80 घनमीटर होतो. मात्र इंग्लिस सूत्र केवळ क्षेत्रफळ पाहते. निम्मे पाणलोट काँक्रीटखाली गेले तरी त्याचे उत्तर बदलत नाही, आणि ते मुळात घाटातील पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांवरून बसवलेले आहे. म्हणून त्याचा आकडा वरची मर्यादा म्हणूनच पाहावा.

नीलरेषा: मुळात ओढ्याकाठची बांधकामे हटवली पाहिजेत. निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतील पुराची असते. गावाने आधी या रेषा आखून घ्याव्यात.

ओढ्याकाठचा: माझा प्रश्न पूररेषेचा नाही, मोरीचा आहे. तीन पाइपांतून जास्तीत जास्त किती पाणी जाईल?

सह्यपुत्र: तिन्ही पाइपांचे मिळून क्षेत्रफळ 3.4 चौ. मीटर आहे, सेकंदाला 2 मीटर वेग धरला तर जेमतेम 7 घनमीटर, तेही फांद्या आणि प्लास्टिक अडकले नाही तर. हरकतीत विसर्गाची आकडेमोड द्यावी आणि जुन्या कमानींचे एकूण क्षेत्रफळ मोजून या 3.4 शेजारी लिहावे. शिवाय पुलाच्या वरच्या अंगाला, प्रवाह सरळ असेल अशा टप्प्यात, घरांच्या भिंतींवरील मागच्या पुराच्या खुणा, ओढ्याचा आडवा छेद आणि उतार मोजून घ्यावा. त्यावरून मॅनिंग सूत्राने प्रत्यक्ष वाहिलेला विसर्ग काढता येतो.

ओढ्याकाठचा: कमानी उद्या सकाळी मोजतो. भिंतीवरच्या खुणा पुलापासून 40 मीटरवर आहेत. पुलामुळे तुंबलेल्या पाण्याने त्या वर चढल्या असतील, तर कोणते अंतर सोडावे?