व्रण, वण, जखम की अल्सर? पायाच्या पत्रकासाठी नेमका शब्द

— मधुमेह असलेल्यांसाठी पायाच्या काळजीचं एक पानी पत्रक तयार होतंय. सोलापूर शहरात आणि अक्कलकोट तालुक्यात वाटायचं आहे. 'फूट अल्सर'साठी 'व्रण' घेतलाय. वाक्य असं : 'पायावर व्रण आढळल्यास त्वरित तपासणी करून घ्यावी.' शब्द बरोबर आहे ना? की साधं 'जखम' पुरे?

— कोशात बघितलं तर बरोबर आहे, पण वाचणाऱ्यापर्यंत उलटा अर्थ पोचेल. वैद्यकाच्या मराठीत व्रण म्हणजे कातडी किंवा आतलं नाजूक अस्तर तुटून खालचं मांस उघडं पडलेली जागा. रोजच्या बोलण्यात मात्र व्रण म्हणजे बऱ्या झालेल्या जखमेची खूण. 'टाके निघाले, पण व्रण राहिला', असंच आपण म्हणतो. त्याचंच बोलीतलं रूप 'वण' : देवीचे वण, भाजल्याचा वण. तुमचं पत्रक वाचून माणूस पायावर जुनी खूण शोधेल, आणि अंगठ्याच्या मुळाशी तळव्याला पडलेलं ओलं भोक तसंच राहील.

अर्थ ठरतो तो क्रियापदावर. व्रण होतो, पडतो, चिघळतो, भरून येतो : हा उघडा. व्रण राहतो, दिसतो, पुसट होतो : ही खूण. तुमचं 'आढळल्यास' नेमकं खुणेकडे झुकतं. (वळ वेगळा. छडीचा वळ उठतो आणि उतरतो, वण मागे राहतो.)

— दोन्ही अर्थ मुळातच एकमेकांना चिकटलेले आहेत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्रणाची ओळखच अशी दिली आहे की, भरून आला तरी ज्याची खूण देह असेपर्यंत जात नाही तो व्रण. त्या खुणेला तिथे 'व्रणवस्तु' हा निराळा शब्द आहे. मराठीत खुणेलाही व्रणच म्हणायची रीत पडली.

आयुर्वेदाच्या मजकुरातून शब्द उचलताना आणखी एक सांभाळा. 'व्रणशोथ' म्हणजे व्रण नव्हे. ती फुटण्याआधीची सूज. तिच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगतात; गळू कच्चं, पिकतंय आणि पिकलं, हेच ते. 'नाडीव्रण' म्हणजे आत बारीक नळीसारखा मार्ग झालेला. पायाच्या अल्सरला तो शब्द लावू नका.

— मग 'जखम' लिहा, असं म्हणाल तर ड्रेसिंगच्या टेबलावर त्या शब्दाची वेगळीच पंचाईत होते. जखम म्हटलं की काहीतरी लागलेलं, कापलेलं, ठेचलेलं. मधुमेहात बऱ्याचदा पायाची संवेदना गेलेली असते, म्हणून 'जखम आहे का?' या प्रश्नाला 'नाही हो, काहीच लागलं नाही' हे उत्तर येतं, आणि ते खरंही असतं. चपलेचा पट्टा घासतो, चैत्र-वैशाखात तापलेल्या फरशीवर अनवाणी पाय पडतो, चटका कळतच नाही. दुखत नाही ती जखम कसली, असा लोकांचा हिशोब.

त्यातही सगळ्यात फसवं ते 'कुरूप'. चालताना एकाच जागी दाब येऊन तिथे घट्टा धरतो आणि त्या घट्ट्याखालचं मांस मरतं. वरून कडक, आत पोकळ. घरी ब्लेडने कुरूप कापलं की आतला व्रण उघडा पडतो, शिवाय नवी जखम होते. म्हणून पत्रकात 'कुरूप' आणि 'घट्टा' हे शब्द हवेतच. घट्ट्यात काळसर किंवा लालसर ठिपका दिसला तर आत रक्त साकळलंय असं समजायचं.

— ड्रेसिंगच्या टेबलावरचा अनुभव सांगणाऱ्या ताईंशी सहमत. केसपेपरवर मात्र 'व्रण'च ठेवावा, कारण त्याला जोडून वर्णनाचे शब्द नीट बसतात. कड उतरती असेल तर बहुधा भरत आलेला, किंवा शिरा फुगल्यामुळे झालेला. असा व्रण घोट्याच्या आतल्या बाजूला, जरा वर होतो. यंत्रमागावर वर्षानुवर्षं उभ्याने काम केलेल्या पायांत तो शोधावा. छिन्नीने पाडल्यासारखी सरळ उभी कड म्हणजे संवेदना किंवा रक्तपुरवठा गेलेला पाय. कड आतून पोखरलेली असेल तर क्षयाचा विचार. बाहेर उलटलेली, कडक कड असेल तर कर्करोगाचा विचार, तिथला तुकडा काढून तपासायलाच हवा.

'तळ' आणि 'बूड' यांत गल्लत नको. डोळ्यांना दिसतो तो तळ, बोटांना लागतं ते बूड. तळाला लाल दाणेदार मांस म्हणजे भरतंय. पिवळा चिकट थर म्हणजे कुजका भाग, त्याला पू लिहू नये. पू वाहतो, हा थर पुसून निघत नाही. पातळ पिवळसर पाझर असेल तर 'लस'.

— शहराच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड. तेलुगूत उघड्या व्रणाला 'पुंडु', कन्नडमध्ये 'हुण्णु'. हे दोन्ही शब्द खुणेसाठी वापरत नाहीत. खुणेला तिकडे 'मच्च' आणि 'कले'. मराठीतली अडचण तिथे येतच नाही, म्हणून कंसात 'पुंडु' आणि 'हुण्णु' हे दोन शब्द देवनागरीत छापाच.

— एकट्या 'अल्सर'वर मात्र विसंबू नका. आपल्याकडे अल्सर म्हणजे पोटाचा. तोंडातल्याला कोणी व्रण म्हणत नाही, 'तोंड आलंय' म्हणतात. आणि त्या शब्दात धोका आहे, कारण तोंड येतं आणि जातं अशी समजूत असते. तंबाखू-मावा खाणाऱ्याच्या गालात किंवा जिभेच्या कडेला एकच फोड तीन आठवड्यांनंतरही तसाच असेल, तर ते 'तोंड येणं' नव्हे.

शय्याव्रणाचं (अंथरुणाला खिळलेल्याला दाबामुळे होणाऱ्या बेडसोरचं) तर नावच अपुरं. सुरुवातीला कातडी तुटलेली नसते. माकडहाडावर किंवा टाचेवर लाली येते आणि बोटाने दाबली तरी ती फिकी होत नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने याच कारणाने २०१६ साली 'प्रेशर अल्सर' सोडून 'प्रेशर इंज्युरी' घेतलं. मराठीत 'दाबाची इजा' चांगलं बसतं.

— सगळं धरून वाक्य असं केलंय : 'तळवा, बोटांच्या बेचक्या आणि टाच रोज पाहा. न भरणारी जखम (पुंडु, हुण्णु), फोड, भेग, ओलसर भोक किंवा डाग पडलेलं कुरूप दिसलं, तर दुखत नसलं तरी दाखवा.'

— 'न भरणारी' काढा. ते वाचून माणूस भरते का बघत पंधरा दिवस थांबेल. तोंडासाठी आठवड्यांचा हिशोब चालतो, मधुमेहाच्या पायाला चालत नाही. 'उघडी जखम' लिहा, आणि 'दाखवा'च्या आधी 'त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी' घाला. खाली एक ओळ आणखी : 'तोवर त्या पायावर भार देऊ नका, गरम पाण्यात पाय बुडवू नका, हळद किंवा चुना भरू नका.' हळदीने तळाचा रंग झाकला जातो आणि तपासताना मांस लाल आहे की कुजकं, तेच कळत नाही.