बारा वर्षांची डिझेल एसयूव्ही: वय बघून पार्ट बदलायचे की मोजून?

गोदाकाठ_डिझेल

दहा-बारा वर्षांची स्कॉर्पिओ, बोलेरो, सफारी किंवा डस्टर गॅरेजला गेली की ठरलेलं असतं: इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टरला हवा, वॉशिंग, बिल. या वयाच्या गाडीला एवढं पुरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. रबर आणि ऑइल-कूलंट फक्त किलोमीटरवर म्हातारे होत नाहीत, वर्षांवरही होतात. नाशिकात गंगापूर रोड ते सातपूर एवढीच फिरलेली, ७० हजार किमीची गाडीसुद्धा खालून बारा वर्षांचीच असते.

म्हणून लक्षणांची वाट न बघता बाराव्या वर्षी हे सगळं एकदाच करून टाकावं. कूलंट, रेडिएटरचे वरचे-खालचे पाइप, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), झाकण. ब्रेक ऑइल आणि सगळे रबरी ब्रेक पाइप. फॅन बेल्ट, टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून धरणाऱ्या आणि वाट देणाऱ्या पुल्या). डिझेल फिल्टर आणि डिझेलचे रबरी पाइप. गिअर ऑइल, क्राउन ऑइल (मागच्या एक्सलच्या गिअरचं). डस्टर १.५ डिझेल किंवा जुनी ३.० लिटर फॉर्च्युनर असेल तर टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्रच. तिथे बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड उतरवावंच लागतं. स्कॉर्पिओच्या एमहॉक इंजिनाला बेल्टऐवजी चेन आहे, ती सकाळच्या पहिल्या स्टार्टला खडखडतेय का एवढंच ऐकायचं.

ब्रेक ऑइलचंच बघा. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १५५ पर्यंत खाली येऊ शकतं. सात माणसं भरून कसारा घाट उतरताना किंवा वणीच्या गडावरून खाली येताना हा फरक थेट पेडलवर कळतो. त्यात वाफ झाली की पेडल स्पंजासारखं दबतं आणि ब्रेक लागत नाही.

तेरा_चौदाचा_पाना

ब्रेक ऑइलला कोणाचा विरोध असेल असं वाटत नाही. विरोध "एकदाच" या शब्दाला आहे.

चालू गाडीतले दहा चांगले पार्ट काढून दहा अनोळखी पार्ट बसवले, आणि आठवड्याने गाडी गरम व्हायला लागली, तर कशामुळे हे शोधणार कसं? नवा थर्मोस्टॅट डुप्लिकेट निघाला, की झाकण दाब धरत नाही, की सिस्टीममध्ये हवा अडकली? एका वेळी एक सिस्टीम उघडा, तीनशे-चारशे किमी चालवा, मग पुढची.

आणि आधी मोजा. रात्रभर उभी राहिलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली जात नाही, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ मिळतात. हे तीन आकडे जुळले तर "वय झालं" म्हणून बॅटरी आणि अल्टरनेटर बदलणं म्हणजे पैसे गोदावरीत सोडणं. ब्रेक ऑइलमधलं पाणी मोजायचं पेनासारखं टेस्टर मिळतं. ३ टक्क्यांच्या वर गेलं की बदला. कूलिंगला प्रेशर टेस्टर लावा, झाकणावर छापलेल्या दाबापर्यंत पंप करा आणि पंधरा मिनिटं काटा बघा. काटा हलला नाही तर पाइप काढायची गरज काय?

थर्मोस्टॅटवर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं. काढलाच असेल तर भांड्यातल्या पाण्यात थर्मामीटरसकट टाकून गरम करा. त्या अंशाला उघडायला लागला आणि थंड झाल्यावर पूर्ण मिटला, तर तोच परत बसवा, गॅस्केट किंवा ओ-रिंग मात्र नवी.

गोदाकाठ_डिझेल

मीटरला जे दिसतं त्याबद्दल वाद नाही. पण ब्रेकचा रबरी पाइप बाहेरून ठणठणीत आणि आतून सुजलेला असतो. पेडल दाबलं की जोरामुळे ऑइल पुढे जातं, सोडलं की परत येत नाही. मग ते एकच चाक घासत राहतं, ड्रम किंवा डिस्क तापते, आणि गॅरेजवाला कॅलिपरला (डिस्क चिमटीत पकडणाऱ्या भागाला) दोष देऊन कॅलिपर विकतो. हे कुठल्या मीटरवर दिसणार?

कूलंटच्या पाइपचंही तसंच. तो मधे फुटत नाही, क्लॅम्पपासून इंच-दोन इंचांवर आतून चिरतो. पंधरा मिनिटांच्या थंड टेस्टमध्ये पास होतो आणि मे महिन्यात एसी लावून घाट चढताना जातो.

तेरा_चौदाचा_पाना

ब्रेक पाइपचं मान्य. ते वयावरच बदला, तपासत बसू नका. कूलंटच्या पाइपला टेस्टरबरोबर बोटंही लावायची: इंजिन थंड असताना क्लॅम्पजवळ चिमटीत दाबा. मधल्या भागापेक्षा तिथे मऊ लागलं किंवा आत करकर जाणवली, तर पाइप गेला.

पण तुमच्या यादीतली एक गोष्ट धोक्याची आहे आणि कोणी सांगत नाही. बारा वर्षांच्या गाडीचं ब्रेक ऑइल बदलताना गॅरेजचं पोरगं पेडल पार तळापर्यंत पंप करतं. मास्टर सिलिंडरचा (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या मुख्य पंपाचा) पुढचा भाग रोजच्या वापरात येत नाही, तिथे गंज आणि गाळ बसलेला असतो. सील त्यावरून गेलं की फाटतं. गाडी चांगल्या ब्रेकनिशी आत जाते आणि खाली बसणारं पेडल घेऊन बाहेर येते.

गोदाकाठ_डिझेल

त्यावर इलाज सोपा आहे. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा, पेडल अर्ध्याच्या थोडं पुढे जाऊन थांबलं पाहिजे. आधी पिचकारीने वरची टाकी रिकामी करून नवं ऑइल भरायचं, मग मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तोच पाळा. लिटरभर ऑइल आणा, आणि सील न फोडलेला डबाच घ्या. उघडा डबा कपाटात हवेतलं पाणी पीत असतो. क्लचचं ऑइल बहुतेक गाड्यांत हेच असतं, ते बदलायचं मात्र सगळे विसरतात.

सातपूर_बी_शिफ्ट

दोघेही एअर फिल्टरवरून उडी मारून गेलात. नाशिकच्या एसयूव्हीचं इंजिन सर्वांत जास्त धुळीने मरतं. दिंडोरी-निफाडकडचे मळ्यांचे कच्चे रस्ते, हायवेची कामं, खडीचे ट्रक. त्यात प्रत्येक सर्व्हिसिंगला कागदी फिल्टरला सहा-सात बारची हवा मारतात. कागद डोळ्याला शाबूत दिसतो, पण सूक्ष्म भोकं पडतात आणि मग बारीक माती सरळ टर्बोच्या पंख्यावर आणि रिंगांवर. फार तर दोन बार, तेही आतून बाहेर. एकदा हवा मारली, पुढच्या वेळी नवा. झाकणाच्या क्लिपा आणि फिल्टरच्या कडेचं रबर बघा. फिल्टरनंतरच्या पाइपात बोट फिरवा. बोटाला कोरडी माती लागली तर फिल्टर कितीही भारी असो, हवा बाजूने चोरून जातेय.

दुसरं म्हणजे ५,००० किमीला ऑइल बदलायचा हट्ट. तो जुन्या डिझेलच्या काळातला आहे. भारत स्टेज ३ च्या डिझेलमध्ये गंधक ३५० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत ३५० भाग) असायचं, स्टेज ४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये १०. ऑइलमध्ये गंधकाचं आम्ल आता त्या मानाने नगण्य होतं. चांगलं १५डब्ल्यू-४० जाडीचं, सीआय-४ प्रतीचं डिझेल इंजिन ऑइल असेल तर कंपनीने दिलेलं अंतर पाळा, अर्ध्यावर कापू नका.

गोदाकाठ_डिझेल

गंधक कमी झालं, काजळी कमी झाली का? ईजीआरवाल्या (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या) जुन्या इंजिनात रिंगा सैल झाल्या की काजळी आणि डिझेल दोन्ही ऑइलमध्ये उतरतं. शाळेत पोरं सोडायला चार किमी जाणारी गाडी नीट गरमच होत नाही. अशा गाडीला ७,५०० किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. सलग हायवेला चालणारीला १०,००० ठीक.

सातपूर_बी_शिफ्ट

७,५०० वर तडजोड चालेल. पण "इंजिन फ्लश"चा डबा मात्र नको. बारा वर्षांचा गाळ एकदम सुटला की तो ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो आणि टर्बोच्या बारीक ऑइल पाइपात अडकतो. आतून घाण वाटत असेल तर साधं ऑइल दोन हजार किमीला फिल्टरसकट बदला, हळूहळू निघेल. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा. एमहॉकला साधारण सहा लिटर लागतं, तरी शेवटचा अर्धा लिटर डिपस्टिक बघतच ओता.

निफाड_गारठा

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा खरी परीक्षा. सकाळी जास्त वेळ स्टार्टर मारावा लागला, पांढरा धूर आला की लोक लगेच "नोझल (इंजेक्टर) गेले" म्हणतात. आधी ग्लो प्लग (थंड इंजिन स्टार्ट व्हायला आत गरम होणारा प्लग) बघा. वायर काढून मीटरने रेझिस्टन्स मोजा. चांगला प्लग साधारण एका ओहमच्या आसपास असतो, जळालेल्यात सर्किट तुटलेलं असतं, मीटर आकडाच दाखवत नाही. काढायचे असतील तर इंजिन कोमट असताना, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून. थंड इंजिनात जोर लावला तर प्लग हेडमध्येच तुटतो.

आणि एक विचारायचं होतं: डिझेलच्या टाकीत टूटी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांचं २टी ऑइल) टाकल्याने पंपाचं आयुष्य वाढतं म्हणतात, त्यात तथ्य किती?

तेरा_चौदाचा_पाना

काही नाही. गंधक काढताना डिझेलचा वंगणपणा कमी होतो हे खरं, पण त्यासाठीचं रसायन मिसळून, ठरलेल्या मानकात बसवूनच डिझेल पंपावर येतं. वरून टूटी ओतून फक्त धूर वाढतो. त्या पैशात डिझेल फिल्टर घ्या, २०,००० किमीला एक, आणि खालचा पाण्याचा स्क्रू प्रत्येक सर्व्हिसिंगला सैल करून पाणी सोडा. कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच जादा दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या यंत्रणेच्या) पंपाला खरा शत्रू पाणी.

नोझलचं आधी रिटर्न, म्हणजे वापरात न येता टाकीकडे परत जाणारं डिझेल, मोजायचं. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या सारख्या बाटल्यांत सोडा, दोन मिनिटं आयडलवर चालवा. तीन बाटल्या सारख्या आणि चौथी दुप्पट भरली तर तोच एक खोला. चारही "क्लीनिंग"ला देऊ नका. परत बसवताना तांब्याचा वॉशर नवाच हवा, नाहीतर फुस-फुस आवाज येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो. पुढच्या वेळी तो खेचून काढावा लागतो. इंजेक्टर नवा असेल तर त्यावरचा कोड ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरायला सांगा. रेलचा पाइप चालू इंजिनवर सैल करून "मिसिंग बघू" म्हणणाऱ्या मिस्त्रीपासून लांब राहा. तिथे हजार बारच्या पुढे दाब जातो, तो फवारा कातडीतून आत शिरतो.

घोटी_पाऊस

क्राउन ऑइलवर कोणी थांबायला तयार नाही. आमच्या इगतपुरी-घोटी पट्ट्यात पावसाळ्यात चाकभर पाण्यातून गाडी जाते. मागच्या एक्सलवर एक छोटी ब्रीदर टोपी असते, ती मातीने बुजते. चालताना हाउसिंग तापतं, आतली हवा फुगते, बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ती ऑइल सीलमधून ऑइल ढकलते. सील बदललं तरी महिन्याने पुन्हा ओलं. उलट, तापलेला एक्सल पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते. ऑइल चहासारखं दुधाळ निघालं तर हेच झालंय. आधी टोपी काढून साफ करा, हाताने फिरली पाहिजे, मगच सीलचा विचार.

ऑइल बदलताना आधी भरायचा बोल्ट उघडा, मग खालचा. वरचा गंजून निघालाच नाही आणि खालून सगळं सोडून बसलात तर गाडी तिथेच. भरायचं प्रमाण म्हणजे वरच्या भोकातून पाझरेपर्यंत, गाडी सपाट जमिनीवर. आणि गिअरबॉक्स-क्राउनला एकाच डब्यातून ओतू देऊ नका. क्राउनला जीएल-५ प्रतीचं ऑइल लागतं, गिअरबॉक्सला बहुतेक जुन्या गाड्यांत जीएल-४. जीएल-५ मधलं गंधक-फॉस्फरस पितळी सिंक्रोनायझर रिंगा (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या) खातं, मग थंडीत दुसरा गिअर कुरकुरतो. त्याच वेळी प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना आणि स्लिप जॉइंटला ग्रीस मारा; चारही टोकांतून जुनं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत. एका टोकातून येत नसेल तर तो क्रॉस गेला.

गोदाकाठ_डिझेल

ब्रीदरचं माझ्या यादीत नव्हतं, घालतो. पण पानावाले साहेब, तुमच्या एकेक सिस्टीमच्या हिशेबाने नाशिकचा माणूस वर्षभर शनिवारी गॅरेजमध्येच बसेल.

तेरा_चौदाचा_पाना

बसू द्या, गाडी पंधरा वर्षांची झाली की पेठ रोडला आरटीओत नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी घेऊन उभं राहायचंच आहे, तोवर चेसिसचा गंज आणि बॉल जॉइंट बघून होतील.

तरी घाई असेल तर पहिल्या शनिवारी ब्रेक: ऑइल, पाइप, मागचे ड्रम उघडून साफ. दुसऱ्या शनिवारी कूलंट, ५०-५० तयार मिळतं ते किंवा डिस्टिल्ड वॉटर घालून. बोअरचं पाणी नको. रेडिएटरला अ‍ॅसिड फ्लश करू नका, ॲल्युमिनियमच्या जुन्या कोअरमधली क्षार बसून बुजलेली छिद्रं उघडी पडतात. हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढा, दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पातळी परत बघा. फॅन बेल्ट तिसऱ्या शनिवारी, आणि काढलेला जुना फेकू नका, नंबर त्याच्या पाठीवर छापलेला असतो. तो जुळवून मगच नवा घ्या. आणि अजून दम असेल तर डिकीत ठेवा, वाटेत उपयोगी पडेल.